नॉर्मल चालीचा नमुना

२ जुलै
आजपासून रोजनिशी. बायोमेकॅनिक्सचं दुसरं वर्ष सुरू. माणूस कसा चालतो यावरून त्याच्या शरीराचं सगळं कळतं. वर्गातल्या बाकीच्यांना त्यासाठी यंत्रं लागतात. मला नजर आहे.
संकल्प : पहाटे उठून जाडं पुस्तक वाचणे.

३ जुलै
पहाट झाली होती, असं आई म्हणाली. मी पाहिली नाही.

५ जुलै
'गेट अ‍ॅनॅलिसिस' म्हणजे माणसाच्या चालीचा अभ्यास, हे आईला समजावलं. बराच वेळ. ती म्हणाली, मग आधी आपल्या बिल्डिंगचं गेट बघ, किती दिवस कुरकुरतंय. घरात शास्त्रीय वातावरण अजिबात नाही.

९ जुलै
मॅडमनी प्रोजेक्ट दिला. दोन माणसांच्या चालीचा व्हिडिओ घ्यायचा. एक नॉर्मल, एक सदोष. मग तुलना. मॅडम म्हणाल्या, आधी बघा, मग मत बनवा. बोलल्या सगळ्या वर्गाला, पण बघत माझ्याकडे होत्या. अपेक्षा असतात माझ्याकडून.

११ जुलै
सदोष माणूस मिळाला. वरच्या मजल्यावरचे कोच. शाळेत पोरांना पळायला शिकवतात, स्वतःही रोज पळतात. म्हणजे गुडघे गेलेलेच असणार. जिन्यात गाठून सांगितलं, तुमचा डावा गुडघा आत वळतोय, लवकरच बसाल. ते म्हणाले, मला पूर्वीही एकाने असंच सांगितलं होतं, तो हल्ली काठी घेऊन फिरतो. लोकांना सत्य पचत नाही. व्हिडिओला मात्र तयार झाले.
नॉर्मल माणूस शोधायला बाहेर कशाला जायचं? बाबा आहेत. निवृत्त, वेळच वेळ. व्यसन नाही, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. याहून नॉर्मल कोण?

१२ जुलै
आई म्हणाली, यांची चप्पल हल्ली घरभर घासत असते, तू बघ ना जरा. बघितली. चप्पल जुनी आहे. केस क्लोज.

१६ जुलै
नवी चप्पल आणली. तीही घासते. हल्ली मालात दम राहिला नाही.
पहाटे उठणं उद्यापासून. आज घसा खवखवत होता.

१९ जुलै
बाबा हल्ली फार हळू बोलतात. पूर्वी त्यांचा आवाज कोचच्या घरापर्यंत जायचा, आणि बहुतेक वेळा माझ्या नावाने. मी मास्टर्सला आल्यापासून आदर वाढला असावा.

२३ जुलै, सकाळी
शूटिंग. बाबांना पॅसेजमध्ये चालायला लावलं. दाराशीच थबकले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. म्हटलं, बाबा, लाजताय काय, कॅमेराच आहे. मग निघाले. डावा हात हलतो, उजवा अंगाशी धरलेला. हात हलवा म्हटलं तर म्हणाले, अरे, हलवतोय की. वळताना एका झटक्यात वळत नाहीत, जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत राहतात.
रिपोर्टमध्ये लिहिलं : वयाच्या मानाने उत्तम. सावध व मितव्ययी चाल. 'मितव्ययी' हा शब्द माझा. उद्या पाठ्यपुस्तकात येईल.
आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, शर्टाची बटणं लावायलाही यांना हल्ली फार वेळ लागतो रे. मी म्हटलं, आई, बटणं माझ्या सिलॅबसमध्ये नाहीत.

३० जुलै
रिपोर्ट दिला. जाड्या पुस्तकाची प्रस्तावना जवळजवळ संपली. आजारी चालींचं प्रकरण अगदी शेवटी आहे. येईल तेव्हा येईल.

४ ऑगस्ट
प्रेझेंटेशन. नवा शर्ट.
आधी कोच दाखवले. मॅडम म्हणाल्या, ही चाल तर व्यवस्थित आहे, दोष कुठे? मी म्हटलं, तयार नजरेला दिसतो. वर्ग हसला. जळतात.
मग बाबा. मॅडमनी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. दार, पुन्हा. उजवा हात, पुन्हा. वळण, पुन्हा. मला वाटलं, चला, 'मितव्ययी' पोचलं.
मॅडमनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, काय दिसतंय? तिने धडाधड सांगितलं : एकाच बाजूचा हात हलत नाही, पाय घासतात, दाराशी अडतात, वळायला फार पावलं लागतात. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.
मॅडमनी मला विचारलं, हे पेशंट कोण?
मी म्हटलं, पेशंट नाहीत, नॉर्मल आहेत. मग म्हटलं, माझे बाबा आहेत.
या वेळी वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट, संध्याकाळी
कॅमेऱ्याचा अँगल चुकला असणार.
खात्री करायला बाबांना पाणी आणायला सांगितलं. येताना बघितलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, तहान लागलीय की काय झालंय तुला?
जाडं पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण. पहिल्याच पानावर बाबा.

५ ऑगस्ट
आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, कुणाच्या तरी लक्षात आलं. 'कुणाच्या तरी' यात मी धरलेला नाही, एवढं मला कळलं.

११ ऑगस्ट
मॅडमनीच अपॉइंटमेंट मिळवून दिली. डॉक्टरांनी बाबांना दारापासून खुर्चीपर्यंत येताना बघितलं, अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं. पार्किन्सन्स. सुरुवात आहे, म्हणाले, औषधाने बराच आराम पडेल, पण रोज व्यायाम हवा. मग विचारलं, कधीपासून आहे? आई म्हणाली, वर्ष होत आलं, मी सांगत होते. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.
मी म्हटलं, व्यायाम मी घेईन. आई म्हणाली, नको, आपण वरच्या कोचना विचारू.
तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही काय करता?
मी घसा साफ केला. पण बाबा माझ्या आधी बोलले. हळूच, अगदी कौतुकाने. म्हणाले, तो चालायला शिकतोय.