हे पाहुणे कोण?

चिरंजीव राजा,

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तरी तुला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, आणि तो प्रताप माझाच. या देशात आलो तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्या धूत होतो. तोंड उघडलं की लोक हसायचे. तुझ्यावर ती वेळ नको, म्हणून घरात आपली भाषा बंद केली. तुझी आई म्हणायची, "अहो, पोटच्या पोराशी मुक्यानं राहू का?" मी म्हणायचो, "इथलं शीक की!" शिकलीही बिचारी.

शेवटच्या आजारात मात्र ते शिकलेलं सगळं पुसलं गेलं. तू उशाशी बसून इथल्या भाषेत तिच्याशी बोलत होतास. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पाहुणे कोण? त्यांना बसायला तरी द्या." तू विचारलंस, "बाबा, काय म्हणाली?" नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगणारा मी, पण हा बिघाड तुला सांगितला नाही. म्हणालो, "तुला आशीर्वाद दिला."

तू ते शब्द माझ्याकडून घोकून घेतलेस. आता रोज सकाळी लेकीला शाळेत सोडताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतोस, "हे पाहुने कोन?" काल मला विचारलंस, "बाबा, बरोबर म्हणतो ना?"

खरं सांगणारच होतो रे. पण तुझा चेहरा बघितला, आणि फक्त तुझा 'ण' दुरुस्त करून दिला.

तुझा,
बाबा