मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता

४ सप्टेंबर, गुरुवार

नवी गाडी आली! आमच्या घरी नाही — शोरूमला. ह्यांच्याकडे जी मोटरसायकल आहे, तिचाच नवा अवतार. लांब पल्ल्याची, घाटवाटांची, दोन्ही बाजूंना पेट्या लावून पंधरा-पंधरा दिवस हिंडायची. संध्याकाळी ह्यांचं टोळकं आमच्या बैठकीत हजर. चार माणसं, आठ मतं!

दातांचे डॉक्टर सहा फूट उंच. त्यांचं म्हणणं, "आत्ता कुठे माणसांसाठी गाडी काढली. सीट उंच, काच उंच, छातीला वारा नाही." बेकरीवाले डॉक्टरांच्या खांद्याला लागतात. ते म्हणाले, "गाडी कसली, जिराफ आहे. सिग्नलला पाय टेकायला शिडी बरोबर ठेवू का?" वकिलांना आवाज पटला नाही. "जुनी कशी खर्जात बोलायची. ही तर शिलाई मशीन!"

ह्यांचं मत सगळ्यांत कडक. "वेगाचे काटे काढून तिथे टीव्हीसारखा पडदा बसवलाय. उन्हात एक आकडा दिसेल तर शपथ. जुनी ती जुनी."

"मला तर स्वच्छ दिसला," डॉक्टर म्हणाले.

"डोळे तपासून घ्या, डॉक्टर!" — आणि सगळे खो खो हसले. ह्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. कॅप्टन बोलले की विषय संपला.

मागच्या सीटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या सीटवर एकोणीस वर्षं मी बसतेय! चहाचे कप घेऊन आत-बाहेर मीच करत होते. पण विचारेल कोण? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

७ सप्टेंबर, रविवार

रविवारची फेरी. जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर.

लिहूनच टाकते एकदाचं — मला जायचं नसतं. कंबर दुखते, हेल्मेटमध्ये जीव गुदमरतो, पुढे ह्यांची पाठ आणि मागे पेटी, मध्ये मी. हलायचं नाही, उतरायचं नाही, बोललेलं ऐकू जात नाही. पण दर रविवारी कोणीतरी म्हणतंच, "वहिनींसारखी जोडीदारीण पाहिली नाही, एकोणीस वर्षं मागे!" हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंय मला. आता उतरायचं कसं?

आणखी एक. आज मोजलं. उजव्या खांद्यावर मी अकरा वेळा थाप मारली. आधी थाप म्हणजे फक्त "हळू" असायचं. हल्ली डावी थाप वेगळी, उजवी वेगळी. उजवी म्हणजे उजवीकडून काहीतरी येतंय. हे कधी ठरलं? कोणी ठरवलं? आठवत नाही. परतताना उजव्या गल्लीतून दुधाचा टँकर निघाला, तेव्हा मी दोन्ही हातांनी बडवलं. ब्रेक लागला. माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर आपटलं.

"दिसला होता मला," म्हणाले.

दिसला नव्हता.

८ सप्टेंबर, सोमवार

कंबर धरली. दुकानात दिवसभर उभी. माझं काम काय, तर माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे काच धरायची आणि विचारायचं — ही बरी की ती? आता बरं दिसतं की आधी? मग आकडे लिहायचे आणि चष्मेवाल्या मालकांपुढे सहीला ठेवायचे. सोळा वर्षं झाली. माझ्या आकड्यांवर मालक डोळे झाकून सही करतात. चष्म्याच्या दुकानात डोळे झाकून! हा विनोद त्यांचाच आहे, महिन्यातून दोनदा करतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

हे म्हणाले, "चल, नावं ठेवायची तर नीट चालवून ठेवू." गेलो शोरूमला. तिथल्या मुलीने फॉर्म ह्यांच्या हातात दिला — सीट कशी, पकड कशी, पडदा कसा. मला पाणी दिलं.

बसले मागे. आणि खरं सांगते, चकित झाले! मागची सीट चांगली चार बोटं वर घेतलीय. आजवर एकोणीस वर्षं मी फक्त हेल्मेटची मागची बाजू पाहिली. त्यावरचा ओरखडासुद्धा पाठ आहे मला. आज ह्यांच्या डोक्यावरून सगळा रस्ता दिसत होता. पार पुढच्या वळणापर्यंत. उतरल्यावर न राहवून म्हटलं, "काही म्हणा, मागून समोरचं सगळं दिसतं हो."

हे पडद्याला नावं ठेवत होते, ते मध्येच थांबले.

"सगळं?"

"सगळं. दोन्ही बाजूंचंसुद्धा."

फॉर्म तसाच घडी करून खिशात घातला. मला वाटलं, मी पुन्हा काहीतरी चुकीचं बोलले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी बुक केली! आठ दिवस जिला शिव्या घातल्या तीच! बेकरीवाले तर फोनवर ओरडलेच, "कॅप्टन फितूर झाले!" वकील म्हणाले, "साक्षीदार उलटला." ह्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं — "हिला आवडली."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला लिहू? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं मत विचारात घेतलं गेलं. भाजी चिरताना मी गाणं म्हणत होते.

त्याच आनंदात अठरा दिवसांच्या दौऱ्याची तारीख ठरली. पाच ऑक्टोबर. अठरा दिवस! कंबरेचं काय, हे विचारायचं राहून गेलं. म्हणजे मीच राहू दिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ह्यांचं जाकीट धुवायला काढलं. आतल्या खिशात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. अर्धी संपलेली.

साधं औषध असतं तर काही वाटलं नसतं. पण हे मी ओळखते. हे वापरणारी कितीतरी माणसं माझ्या खुर्चीत बसून गेलीत. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर जात राहते, आणि गेलेली परत येत नाही.

जाकीट तसंच बादलीत सोडलं आणि स्टुलावर बसून राहिले. पडदा दिसत नाही म्हणे! पडद्याला काय धाड भरलीय? डॉक्टरांना स्वच्छ दिसला, ह्यांनाच नाही. आणि मी सोळा वर्षं लोकांचे डोळे तपासणारी, माझ्याच घरात... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. "सगळं?" असं विचारलं होतं ना ह्यांनी. गाडी माझ्या मतावर घेतलेली नाही. माझ्या डोळ्यांवर घेतलीय.

१७ सप्टेंबर, बुधवार

जेवताना मुद्दाम उजवीकडे जाऊन उभी राहिले, हातात वाटी घेऊन. ह्यांचं जेवण चालू. मी उभी. शेवटी वाटी ठेवली तर दचकले. "कधी आलीस?"

"बाटली सापडली," म्हटलं.

घास थांबला. पण कॅप्टन ते कॅप्टनच! "जरा चुरचुरतात डोळे. धुळीने."

"कधीपासून?"

"बोलू नंतर."

नंतर कधी? दौऱ्यावर? एकशे दहाच्या वेगात?

मला प्रचंड राग आलाय. आणि भीती. आणि दया — ती तर सगळ्यांत वाईट. निवृत्तीनंतर ह्यांच्याकडे दुसरं आहे काय? ऑफिसात कोणी हाक मारत नव्हतं, इथे कॅप्टन आहेत. मी बसले नाही तर एकटे जातील. बसले तर दोघं जाऊ. इकडे आड, तिकडे विहीर — आणि पाठीला पेटी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. दाढ दुखते असं सांगून आत शिरले आणि खुर्चीत बसल्या-बसल्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, डॉक्टर तरी हादरतील.

ते हातमोजे काढत म्हणाले, "आम्हाला कल्पना आहे, वहिनी."

मी खुर्चीत ताठ उठून बसले.

"गेल्या हिवाळ्यात पुलावर मी अगदी त्यांच्या उजव्या अंगाला होतो. ते सरळ माझ्यावर आले. तेव्हापासून आम्ही तिघं त्यांच्या उजवीकडे जात नाही. ठरवूनच टाकलंय."

"आणि त्यांना बोलला नाहीत?"

"कॅप्टनला कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर... शिवाय तुम्ही मागे असताच. तुम्ही खांद्यावर थापा मारता ते आम्हाला मागून दिसतं ना. त्यामुळे घोर नव्हता."

घोर नव्हता! तीन शहाणीसुरती माणसं! आवाजावर, काचेवर, सीटच्या उंचीवर तासन्‌तास भांडतील. चालवणाऱ्याला दिसत नाही, यावर मात्र कोणाचं काही मत नाही! जोडीदारीण, जोडीदारीण म्हणून मला डोक्यावर घेतलं, ते यासाठी. मी आहे म्हणजे ह्यांना सांगायला नको.

"दाढ बघू का?" डॉक्टरांनी विचारलं. काय बोलणार या माणसाला! उठून आले.

२० सप्टेंबर, शनिवार

आता हे. ह्यांच्या लायसन्सची मुदत संपतेय. दौऱ्याआधी नवं करायला हवं, आणि या वयाला डोळ्यांचा दाखला लागतो. सकाळी चहा पिताना फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"तुझ्याच दुकानातून आण की. मी कशाला खेप घालू?"

"तपासल्याशिवाय?"

"आकडे तूच लिहितेस ना? मग झालं तर."

किती सहज! मीठ संपलंय, आण, असं म्हणावं तसं. आणि खरंच किती सोपं आहे. उजवा, डावा, दोन आकडे. मालक चष्मा कपाळावर ठेवून सही ठोकतील. कोणाला कळणार नाही. दिवसभर तो फॉर्म पर्समध्ये घेऊन हिंडले. दोनदा पेन काढलं. हो, काढलं! इथे तरी खरं लिहायला हवं. एकदा तर 'उजवा'पुढे पेन टेकवलंही. मग खुर्चीत एक आजोबा येऊन बसले आणि मी त्यांना विचारत राहिले — ही बरी की ती?

२१ सप्टेंबर, रविवार

फेरीला गेले नाही. "कंबर," म्हटलं. हे बूट घालून दाराशी उभे राहिले, हेल्मेट हातात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बूट काढले. फोन करून सगळ्यांना सांगितलं, "हिची कंबर धरलीय." माझ्याच कंबरेवर ढकललं.

दिवसभर दोघं घरात. पेपर आमच्या मध्ये. हे मथळे वाचतात, खालचं वाचत नाहीत, हे मला आज दिसलं.

शेवटी मीच म्हटलं, "उद्या दुकानात या. खुर्चीत बसा. जे निघेल ते लिहीन. नाही तर फॉर्म कोरा परत."

"घरच्या माणसावर विश्वास नाही?"

"या फक्त."

२२ सप्टेंबर, सोमवार

आले. इतकी वर्षं मला घ्यायला येऊन समोरच्या बाकावर बसलेत. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तोंडपाठ असणार, म्हणून सकाळीच मी तो उतरवून दुसरा लावला होता. डावा डोळा मी झाकला. उजव्याने ह्यांनी वरपासून खालपर्यंत सातही ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. न अडखळता. सगळ्या जुन्या तक्त्यावरच्या.

मी डाव्या डोळ्यावरची पट्टी काढली. ह्यांनी तक्त्याकडे पाहिलं. अक्षरं दुसरीच होती.

"आता काय लिहिणार?"

"आहे ते."

"बरं झालं," म्हणाले. अगदी हळू. खांदे एकदम खाली आले. मला रडूच कोसळलं. "आधी का नाही बोललात?"

"तू तरी कुठे बोललीस? नुसत्या थापा मारत राहिलीस."