छापलंय तसं वाचायचं

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. नोकरीही आहे, म्हणजे आज सकाळपर्यंत पूर्ण होती, आता अर्धी आहे. तेही सांगतो, पण आधी काम काय ते सांगतो. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी सांगत बसलो.

इथे एक प्रश्नावली तयार होतेय. माणसांना एकमेकांची कितपत सोबत असते, ते विचारणारी. ती नऊ हजार घरांत जाणार. त्याआधी चाळीस घरांत नेऊन बघायची, लोक कुठे अडतात, कुठे उगाच मान डोलावतात. वीस घरं माझी, वीस मावशींची. मावशी माझ्या जोडीला आहेत. वीस वर्षं हेच काम करतात, गुडघे कुरकुरले तरी चौथ्या मजल्यावरचं दार सोडत नाहीत. प्रश्न लिहिणाऱ्या त्या आमच्या बाई. बाईंचा नियम एकच, छापलंय तसं वाचायचं. समजावायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. आता मला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण.

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे शिंपी राहतात. त्यांचं शिलाई मशीन बघत मी अर्धा तास घालवला, पायडल असं मऊ की फुंकर मारली तरी चालेल. असो. सतरावा प्रश्न वाचला, ‘अडचणीच्या वेळी तुम्हाला कोणाचा आधार आहे का?’ तर म्हणाले, “आहे की, या भिंतीचा!” आणि खो खो हसले. मला राहवलं नाही. म्हटलं, आजोबा, म्हणजे समजा ताप चढला, तर औषध कोण आणून देईल? ते मशीनचं चाक हाताने फिरवत राहिले. मग म्हणाले, “असं विचारतोस होय? मग कोणी नाही रे बाबा.” मी ‘नाही’वर खूण केली आणि जिना उतरताना स्वतःवरच खूश झालो. पुढच्या सगळ्या घरांत तेच केलं. वीसपैकी तेरा घरांत ‘नाही’ आलं.

मावशींच्या वीसपैकी एकोणीस घरांत ‘आहे’. त्याच गल्लीत, त्याच जिन्यांवर. बाईंनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले आणि मावशींकडे असं बघितलं की मीच नजर चुकवली. या धंद्यात एक पाप असतं, घरोघरी न जाता बाकावर बसून फॉर्म भरायचे. बाई म्हणाल्या, “मावशी, ही उत्तरं एकाच डोक्यातून आलेली वाटतात. शुक्रवारी ओळखपत्र जमा करा.” मावशी एवढंच म्हणाल्या, “लोक बोलले ते लिहिलं.” आणि माझी पाठ थोपटली गेली, काय जिवंत फॉर्म आहेत म्हणून. खोटं कशाला बोलू, दोन दिवस ती थाप अंगाला गोड लागली. बरोबर कोण हे मला ठाऊक होतं, तरी.

आज शुक्रवार. मावशी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बाहेर बसल्या होत्या. मी आत गेलो आणि सगळं ओकलो. वाटलं होतं बाई ओरडतील. त्या म्हणाल्या, “परीक्षा प्रश्नाची होती, तुझी नव्हती. तो लंगडाय का ते बघायचं होतं, आणि तू त्याला कडेवर घेऊन फिरलास.” मग उठून बाहेर गेल्या आणि सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली. मावशी राहिल्या. मला घरोघरी जाणं बंद, आता फक्त ऑफिसात बसून फॉर्म क्रमाने लावायचे. जाता जाता मावशींनी टपली मारली, “मेल्या, जिभेला जरा कुलूप घाल.” बरं वाटलं.

पण माफी मागायला उठण्याआधी बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि सतरावा प्रश्न मलाच विचारला, छापील आवाजात. मी पटकन म्हणालो, आहे. कोणाचा? ताईचा. उत्तर देताना मनात काय आलं? तू आलीस. बाबांना अंथरुणावर उठवून बसवणारी, एका हाताने त्यांची मान धरलेली. मी घरातून निघालो त्या दिवशी दिसलीस तशी. बाईंनी लिहून घेतलं. मी मात्र तिथेच अडकलो.

कारण दर फोनला मी तुला काय विचारतो? “सगळं ठीक ना? ठीकच असणार, तू आहेस म्हटल्यावर!” प्रश्नही माझा, उत्तरही माझंच. तू ‘हो’ म्हणतेस आणि मी पुढच्या गावाचं तिकीट काढतो. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय, मध्ये बोलता येऊ नये म्हणून. ताई, बाबांचं सगळं एकटीने करताना तुला कोणाचा आधार आहे का? सोबत कोरा कागद आणि पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलंय. ‘नाही’ लिहिलंस तर मी येतो. ‘आहे’ लिहिलंस तरी येतो, कोणाचा ते विचारायला.

तुझाच,
भोवरा