आयांनी मोजलेल्या सुया

३ ऑगस्ट

चिमणीला हो म्हटलं. आता माघार नाही!

दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी मुलांच्या वॉर्डातली एखादी गोष्ट सुधारायची आणि ती खरंच सुधारली हे आकड्यांनी दाखवायचं, असा नियम आहे. त्यांना वाट दाखवणं माझ्याकडे. बहुतेक जण हात न मळणारा विषय शोधतात. ही पोरगी — आवाज एवढासा, म्हणून सगळे चिमणी म्हणतात — टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “मॅडम, सुई लावताना आपण पोरांच्या आयांना बाहेर काढतो ना, ते बंद करायचंय.”

मला एकदम ती खोली दिसली. मूल टेबलावर आडवं, दोघी सिस्टरांनी हातपाय दाबून धरलेले, आणि दाराखालच्या फटीतून आईच्या चपला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रोज बघते.

थोरले सर, आमचे विभागप्रमुख, हसले. “आई आत आली की डॉक्टरचा हात थरथरतो. मग पोराला एकाऐवजी चार सुया. हे का तुमचं प्रेम?” शेवटी एका अटीवर तयार झाले: पहिल्याच सुईत शीर सापडण्याचं प्रमाण घसरलं तर प्रयोग बंद. चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल सर. घसरणार नाही!

६ ऑगस्ट

पहिलं मूल. आई खुर्चीत, लेकरू तिच्या छातीला छाती लावून, त्याचा हात तिच्या काखेखालून मागे काढलेला. चिमणी आईच्या पाठीमागे स्टुलावर. आईला सुई दिसत नाही, पोराला डॉक्टर दिसत नाही. रडलं, पण आईच्या कानात रडलं. त्या रडण्याचा सूरच वेगळा.

९ ऑगस्ट

कोणाला शीर सापडली नाही की मला हाक! इतकी वर्षं झाली, अजून बरं वाटतं. हेडसिस्टर पूर्वी म्हणायच्या, मॅडमच्या बोटांना डोळे आहेत.

सुई लावायच्या खोलीतला दिवा मात्र फार मिणमिणता झालाय. इलेक्ट्रिशियनला पुन्हा सांगितलं. घरीही तेच रडगाणं. लेक म्हणते, “आई, मोबाइल अजून किती लांब धरशील? हात संपला तुझा!” कार्टी! म्हटलं, आधी बल्ब बदला.

१७ ऑगस्ट

घसरलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

चिमणी जिन्यात बसून रडत होती. “मॅडम, सर बंद करणार. परत सगळी पोरं टेबलावर. आणि माझ्यामुळे झालं ना — आता कोणीच पुन्हा विचारायचं नाही.” वर्ष वाया जाण्याचं तिच्या मनातही नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतो. आधी त्याला नीट बोलतं करू.

बोलून तर गेले! कसं करणार, देव जाणे.

१९ ऑगस्ट

सापडलं!! आणि तेही भांडणात.

गणिताच्या बाईंचा मुलगा आला होता. बाई शाळेत गणित शिकवतात. मुलाला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, त्यामुळे आमच्या घरच्याच झाल्यात. सुई लावली एका उंच निवासी डॉक्टरनं. मग म्हणाला, “एकदाच.” बाई म्हणाल्या, “तीनदा.”

“अहो, कातडीतून एकदाच आत गेली ना! आत जरा दिशा बदलली.”

“दिशा बदलली? डॉक्टर, त्याची नखं माझ्या मानेत तीनदा रुतली. माझ्या वर्गात असतात तर मी तुम्हाला अंगठे धरून उभं केलं असतं!”

सगळे हसले. मी हसता हसता थांबले. दार बंद असताना कोण मोजत होतं? आम्हीच. सुई लावणारा स्वतःच सांगायचा आणि तेच लिहिलं जायचं. आई आत आली, साक्षीदार आला. हात बिघडला नाही, मोजणारा बदलला! आणि आम्ही जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा ठेवून रडत बसलो. शिकवते कोण, तर मी. मला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

२० ऑगस्ट

सरांकडून वेळ मागून घेतला. काही दिवस आया बाहेर, काही दिवस आत. दोन्ही वेळा मोजणार हेडसिस्टरच. सुई आत वळली तरी ती वेगळी सुई म्हणून मोजायची. चिमणीचा चेहरा पडला. “म्हणजे पुन्हा आयांना बाहेर काढायचं?” हो, थोडे दिवस. खात्रीनं आत आणायचं तर एवढं करावंच लागेल. रुसली. पण तयार झाली.

२६ ऑगस्ट

दाराखालच्या चपला पुन्हा. आज बघवेना.

७ सप्टेंबर

जिंकलो!

आई आत असो की बाहेर, हात तेच, सुया तेवढ्याच. उलट आई आत असली की मूल लवकर शांत होतं. सरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आपण आपलाच पेपर तपासून आपल्यालाच पास करत होतो?” चिमणी त्या एवढ्याशा आवाजात म्हणाली, “हो, सर.” बैठकीत कोणीतरी खोकलं. मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

आजपासून आया आत. कायमच्या!

निघताना सर म्हणाले, “कोणाचा हात जड पडतोय तेही काढा. त्यांना शिकवा.” मी लगेच म्हटलं, मी शिकवीन, आनंदानं. चिमणी म्हणाली, “नावं नकोत ना, मॅडम.” तिला दटावलं — अगं, लाज कसली? दुखतं ते पोराला. कोण आहे ते कळल्याशिवाय सुधारणार कसं? ती मान खाली घालून कागद आवरत राहिली. गुणी आहे, पण भिडस्त. ही भीड मोडायला हवी तिची.

१५ सप्टेंबर

गणिताच्या बाई आल्या होत्या. हातमोजे घालून मी पुढे झाले. बाई माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “मॅडम, तुमच्यासारखं मायेचं माणूस नाही. पण तुमच्या सुया हा मला घरी बोटांवर मोजून दाखवतो; आज चिमणी डॉक्टरांना लावू द्या.”

चिमणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

“माझ्या सुया किती?”

“सगळ्यांत जास्त, मॅडम.”

“अवघड पोरं माझ्याच वाट्याला येतात, म्हणून...”

“ती वगळून मोजलं, मॅडम. दोनदा मोजलं.” आवाज एवढासा, पण थरथरला नाही.

मी तिला स्टूल दिलं आणि तिच्या खांद्यामागे उभी राहिले. तिनं बोट ठेवून दाखवलं, “ही बघा, निळी, सरळ.” मला नुसता गोरा हात दिसत होता. पहिल्याच सुईत लागली.

संध्याकाळी लेकीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. येताना इलेक्ट्रिशियनला फोन केला. म्हटलं, दिवा राहू दे. चांगला आहे तो.