कॅप्टन रंजन खाली येतो का

रवि. २२ जाने. ८९, हैदराबाद
सुट्टी. टॉकीजवर जाऊन आलो. काचेच्या पेटीतलं पोस्टर तेच. 'आसमान का कैदी, भाग २. शीघ्र आ रहा है.' शीघ्र आता पिवळं पडायलंय. बुकिंगवाल्याला इचारलं, कधी? तो मनला, "मेरे कू क्या पूछता, हिरो कू पूछ."
हिरो लय सुटलाय मनतात, रॉकेटात मावत न्हाई. सेट जळाला. हिरोइनचं लगीन झालं. पैसा लावणारा पळाला. रोज नवं ऐकायचं आन् काळीज खाली-वर.
सात वर्सं झाली. परभणीला मी आन् माझ्या गावच्या दोस्तानं, दगडूनं, पहिला भाग बघितला तवा माझी शाळा नुकतीच सुटली होती. शेवटाला कॅ. रंजन रॉकेटात बंद, रॉकेट वर वर जायलंय, आन् पडद्यावर 'बाकी अगले भाग में'. दगडू खुर्चीवर उभा राहून वरडला, "आर्धे पैसे वापस द्या!"
गावात सगळ्या वस्तीला इस्टोरी मीच सांगितली. तवापासून सुट्टीवर गेलो की जो भेटंल तो इचारतो, वर गेलेल्याचं काय झालं. जसं काय मीच त्याला वर धाडलंय.

रवि. १२ फेब्रु.
दगडूचं कार्ड. औंदा जयंतीला नाटक करायचं ठरलंय, कोणतं ते तू सांग.

सोम. १३ फेब्रु.
कारखान्यात पत्र्याच्या पेटीचं झाकण ठोकता ठोकता डोक्यात उजेड पडला. भा. २ आपणच करू! हातोडी अंगठ्यावर. गफूरसेठ गादीवरून वरडले, "ध्यान किधर है रे?" मी मनलं, "आसमान में." सगळा कारखाना हसला. अंगठा काळा-निळा, पण लय खूश.

रवि. ५ मार्च
अर्धं झालं. जेवणाच्या सुट्टीत लिवतो. रंजनसोबत एक लोखंडी माणूस, लोखंड्या. तो पहिल्या भागात न्हाई, माझा हाय. दुश्मन त्याला मनतो, माझ्याकडं ये, तेल देतो. लोखंड्या मनतो, मी गंजून मरीन पण येणार न्हाई. हे लिवताना माझं मलाच रडू आलं.
गंमत बघा. सात वर्सं मनायचो, लवकर येऊ दे पिच्चर. आता मनायलोय, जयंती होईस्तोर नको येऊ बाबा. आधी खरं आलं तं आमचं कोण बघणार? मनतील, असं न्हाईच, तसं हाय.

शुक्र. १७ मार्च
मेलो. पोस्टरवर तारीख चिकटली. १४ एप्रिल. जयंतीच्याच दिवशी!
चार वेळा वाचली. पुसून जाती का ते बी बघितलं. न्हाई जात.

शनि. १८ मार्च
सेठला सुट्टी मागितली. "अरे दीवाने, सात साल से पिच्चर पिच्चर करके रोरा था. अब लगरा तो गाँव कू जारा?"
मी मान खाली घालून उभा. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ म्या सोडायचा? जीव तुटायलाय. पण गावात दगडू वाट बघायलाय.
सेठ मंग मनले, "जा. और वो लोखंडवाले कू पतरा लगता ना? कतरन में का लेके जा. अच्छा अच्छा मत ले."
अच्छा अच्छा बी थोडा घेतला.

शनि. १ एप्रिल, गाव
लोखंड्याचं डोकं मांडीवर घेऊन आलो, ठिवायला जागाच न्हवती. टीसी मनला, ये क्या है? मी मनलं, रोबोट. "इसका टिकट?" डबा हसून लोळला. समोरच्या बाईचं लेकरू त्या डोक्यात तोंड घालून 'ओ' करायलं आन् आवाज घुमला की खिदळायलं. पार मानवत रोडपर्यंत तेच.
स्टेशनावर दगडू. गळ्यात पडायच्या आधी डोकं घालून बघितलं त्यानं.

सोम. ३ एप्रिल
विहाराम्होरं तालीम. दगडू रंजन, मी लोखंड्या. तात्या, मंजी माझा चुलता, बाजंवर बसून बघायलाय. बिडी इझली तरी तोंडातच.
मायनं भाकरी करता करता सगळं ऐकलं. मनली, "त्याची माय कुठं हाय?"
मनलं, सिनेमात माय न्हाई.
"लेकरू सात वर्सं वर आन् खाली माय काय करायली ते दाखवीत न्हाईत? कसला सिनेमा तुमचा?"
तात्या मनला, "बराबर हाय." झालं, माय घालायची ठरलं. पण बाईचं काम करणार कोण? दगडू मनला, मिशी काढून मीच दोन्ही करतो. शांतावहिनी, माझ्या भावाची बायको, घागर ठिवून मनली, "मी करते." भाऊ डोकं खाजवत मनला, "तिला पाठांतर चांगलं हाय."
वहिनी बावीस वर्साची, दगडू पंचवीसचा. चालतंय. वर गेलेला माणूस मायपेक्षा लवकर म्हातारा होतो, असं लिवून टाकलं.

गुरु. ६ एप्रिल
शेवटावरून भांडण. माझा शेवट असा: रंजन दुनिया वाचवतो आन् वापस आसमानात जातो. विहाराम्होरच्या लिंबाच्या फांदीवरून दोर टाकायचा, दगडूच्या कंबरंला बांधायचा, मागून दोघांनी वढायचं. बाकी पुढच्या भागात. लय भारी दिसंल. दगडूला बी उडायचंय.
माय मनली, "मंजी वापस जाणारच? मंग आला कशाला?"
वहिनी हसत मनली, "भावजी, तुमालाच गावात ऱ्हायाचं नसतं. मनून त्या बिचाऱ्याला बी वर ठिवता का?"
शेवट तोच ठिवला.

रवि. ९ एप्रिल
मानवतला जाऊन चमकीचा कागद आणला. तिथं पोरं बोलायली, परभणीला शुक्रवारी लागणार, पक्कं. दगडूचं तोंड उतरलं. परभणीचा दुपारचा खेळ बघून कोणी संध्याकाळच्या एस्टीनं आला तं? नाटकाच्या मधीच उठून मनंल, हे खोटं हाय!
दगडू मनतो, फाट्यावर दोन पोरं उभी करू. परभणीहून येणाऱ्याला नाटक होईस्तोर चहा पाजायचा. बोलूच द्यायचं न्हाई.

शनि. १५ एप्रिल
आंग मोडून आलंय. हसून हसून बरगड्या दुखायल्यात. सगळं लिवतो, न्हाई तं इसरन.
मिरवणूक झाली. निळे झेंडे, हलगी. दिवस कलला तसे लोक बसले. देवगाव फाट्याकडून बी बैलगाड्या आल्या. एस्टी आली तं दगडू रंजनच्या पत्र्याच्या कपड्यातच पळाला, मी लोखंड्याचं डोकं धरून मागं. परभणीहून एकच गडी उतरला. दगडूनं त्याचं तोंड दाबलं. "पिच्चर बघितलास? काय बी बोलू नको!" गडी भ्याला. मनला, "काय बघितलो? ते लागलंच न्हाई. पिच्चरच्या रिळाची पेटी आली न्हाई मनले, जुनीच मारधाड चालू हाय."
आमी दोघं रस्त्यात नाचलो. तो गडी आजून सांगत असंल, त्या गावात लोखंडी भुतं हायती.
नाटक निम्मं ठरलं तसं, निम्मं सुचंल तसं. लोखंड्या 'गंजून मरीन' मनला तवा टाळ्या. डोक्यात मला काय दिसंना, ऐकू मात्र आलं. वहिनी माय होऊन आभाळाकडं बघत दळण दळती, एक शब्द न्हाई, तवा सगळं गप झालं.
मंग शेवट. दगडू दोरानं वर गेला. पार पानात. मी पत्र्याच्या डोक्यातून मोठ्यानं मनलं, "आन् कॅप्टन रंजन वापस आसमानात गेला! बाकी पुढच्या भागात!"
टाळी न्हाई. काहीच न्हाई. मी डोकं काढून बघितलं. सगळे वर बघायलेत.
तात्या उठला. "आरं अशोक. अकरा वर्सं झाली, विद्यापीठाच्या नावाची वाट बघायलोय. पायी चाललो, जेलात बसलो. ते एकट्या माझ्या हातात न्हाई. पण हा दोर तं तुमच्याच हातात हाय का न्हाई? खाली घे त्याला."
मी मनलं, "तात्या, तसं लिवलं न्हाई."
"मंग आता लिव."
मागून एक बाई वरडली, खाली घ्या! मंग सगळेच. खाली घ्या, खाली घ्या! वरून दगडू: "लवकर घ्या की, दोर रुतायलाय!" असा हशा पिकला की दोर धरणाऱ्यांचे हात सुटायची पाळी.
दगडू गरगर फिरत खाली आला. वहिनीला पुढचं काही पाठ न्हवतं. तिनं त्याच्या पत्र्यावर एक चापट ठिवून दिली. ठण्ण! "इतका उशीर?" मनली.
मंग काय इचारता. हलगी सुरू झाली, तात्या नाचला, माय बी. दगडूला खांद्यावर घेऊन वस्तीभर फिरवला. माझा शेवट मोडला आन् मीच समद्यात जास्त नाचलो.

सोम. १७ एप्रिल
निघालो. माय स्टेशनापर्यंत आली. तात्या मनला, "खरं लागलं तं बघ. पण त्यांनी चुकीवलं असंल तं आमाला सांगू नको."
पेडगावच्या पोरांनी नाटकाचं बोलावणं धाडलंय. हो मनलो. सेठला काय सांगणार, ते नंतर बघू.

शुक्र. ५ मे, हैदराबाद
लागला! पोस्टरला हार. हिरोचं पोट कापून छापलंय बहुतेक.
तिकीट खिशात. दुसऱ्या खेळाच्या लायनीत भिताडाला टेकून लिवायलोय. सात वर्सं ह्याच दिवसाची वाट, आन् आता मीच मागच्यांना म्होरं सोडायलोय. आमचं त्याच्याम्होरं खोटं निघालं तं? ह्यांनी रंजनला वरच ठिवला असंल तं? गावात तं तो कधीच घरी आलाय, जेवलाय सुद्धा.
पहिला खेळ सुटला. लोक बाहेर यायलेत. कोणी बोलू ने मनून कानात बोटं घातली, तं हे लिवता येईना. एक बोट काढलं.
एक म्हातारा आला समोरून. हसायलाय. हसायलाय मंजी आला असंल खाली. पण रुमालानं डोळे बी पुसायलाय.
इचारू का? नको.
लाईन हलायली.