कुंडीतल्या लोखंडाच्या गोळ्या

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे. तारांगणातल्या मोडक्या खुर्च्या आमच्या ऑफिसात येतात. माझी मागे कलली ती सरळ होतच नाही. छताकडे बघत नोकरी करणारी मी एकटीच असेन.

बाकी मजेत. वेळेवर जेवते.

काल नव्या कार्यक्रमासाठी लिहीत होते. आमच्या खगोलवाल्या बाईंना विचारलं, "मोठा तारा मरतो कशानं?"

चहात बिस्कीट बुडवत त्या म्हणाल्या, "लोखंडानं."

लाखो वर्षं तेजात जळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड साठतं. ते जाळून काहीच मिळत नाही, आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. अगं, सेकंदाच्या आत!

"आणि ते लोखंड?"

"तारे फुटले की विखुरतं. तुमच्या रक्तात दुसरं काय आहे?"

तेवढ्यात धाकट्याचा फोन. तू ओट्यापाशी चक्कर येऊन पडलीस, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या सतरा गोळ्या कुंडीत सापडल्या. तारे मेले तेव्हा कुठे ती गोळी झाली, आणि तू ती झाडाला घालतेस? झाडाला कसला आलाय अशक्तपणा?

फोनवर तू "काही नाही गं" म्हणशील, म्हणून लिहिते. कपाळाची खोक भरली का? खरं सांग. जेवणानंतर रोज एक गोळी घे.

लहानपणी टॉनिक कुंडीत ओतलं म्हणून तू धाकट्याला थोबाडीत दिली होतीस. हे पत्र तोच तुला वाचून दाखवत असेल. त्याला म्हणावं, ओतलं मी होतं.

तुझी,
थोरली