मैनाच्या नावाची मरळ

मौजा कोसमबोडी, ढिवर मोहल्ला,
जेठ महिना, सन १९५९

रा. रा. डोमाभाऊ, हायस्कुलाचे चपराशी, मुक्काम ब्रह्मपुरी, यायले नदीअल्याडच्या उमाजीचा रामराम.

आमी इथी सगळे खुशाल आहो, तुमच्याकडची खुशाली कळवावी. तुमचा खोकला कसा आहे? (तुमची बहीन गिरजा म्हनते, अडुळशाचा पाला उकळून घ्या. मी म्हनतो, बिडी सोडा. पन मी पडलो जवाई, माजं कोन आयकते.) रुखमावयनीले नमस्कार. पत्र लिहाचं कारन काईच नाई. सोयऱ्याले पत्र लिहाले कारन कायले पाह्यजे? उमाजी काई मागून राह्यला असं मनात बी आनू नका. लगीन होऊन चौदा वर्सं झाली, मी सासरी कधी काई मागितलं असंल त दाखवा. (छत्रीसाठी मांडवात रुसून बसलो होतो, ते मागनं नाई, तो जवायाचा मान असते. आन त्या छत्रीची एक काडी मोडकीच होती, हे मी आजवर कोनाले बोललो नाई.) फक्त मैनाच्या मरळीची गोष्ट तुमच्या कानावर उलटीसुलटी गेली असंल. लोक म्हनत असतील, उमाजीनं पोरीची बचत साहेबाले खाऊ घातली. ते खरं आहे. पन पुरं आयका, मंग नाव ठेवा.

चार वर्सांपहिले गडचिरोलीहून बचतीचे एक साहेब आले होते. चिंचेखाली खुर्ची टाकून त्यायनं सांगतलं, का मायबापानं दर महिन्याले लेकराच्या नावानं थोडं थोडं बाजूले ठेवावं, त्याले हात लावू नये, ते आपल्या आपन वाढते, आन लेकरू मोठं झालं का त्याच्या शिक्षनाच्या कामी येते. हे बोलनं माज्या काळजात जाऊन बसलं. माजी मैना तवा पयलीत होती, पाटीवर आपलं नाव लिहून साऱ्या मोहल्ल्याले दाखवत फिरे. आता तुमी शहरचे लोक म्हनान, पैसे डाकघरात काऊन नाई टाकले. भाऊ, टाकाले आधी पैसा हातात याव लागते. आमाले मजुरीत भेटते धान, आन जाळ्यात भेटते मासोळी. धान डाकघर घेत नाई (मी विचारून पाह्यलं; बाबू लय हासला, पन घेतले नाई). आन पैशाचा तरी काय भरोसा? दोन वर्सांआधी सरकारनं आन्याचे नवे पैसे केले, तवापासून दोन आन्याचे बारा का साडेबारा यावरून दुकानदारासंग माजं बोलनं बंद आहे. मासोळीचं तसं नाई. मासोळी कालही मासोळी होती, आजही मासोळीच. आन हात न लावता आपल्या आपन वाढनारी चीज ढिवराच्या घरी दुसरी कोनती?

तवा मी घरामागच्या बोडीत मैनाच्या नावानं एक मरळ सोडली. (बोडी तुमी पाह्यली आहे, माज्या बापानं खोदलेली लहान तळी, तुमी एकदा पाय घसरून तिच्यात पडले बी होते.) मरळ चिवट, भाव बी तिलेच. वीतभर होती. शेपटाच्या पराले लाल दोरा बांधला आन ओळखाले गिरजाच्या पोतेतला एक काळा मनी ओवला. त्या मन्यापायी गिरजा आठ दिवस बोलली नाई. (तुमची बहीन न बोलता जे बोलते ते तुमाले माहीत आहे.) मंग दर अवसेले एक जिती मरळ बोडीत. एक अवस चुकवली नाई, ताप असला तरी. एका अवसेले घरी कालवनाले काईच नव्हतं, हातात मासोळी फडफडून राह्यली होती, मैना ताटावर बसली होती, तरी बोडीत सोडून आलो आन तिघांनी मीठभात खाल्ला. मैनानं विचारलं, 'बाबा, मासोळी कुठी गेली?' मी म्हनलो, तुज्या नावानं गेली. तिले काय कळलं कोन जाने, पन भात पुरा खाल्ला तिनं.

लोक पयले हासले. मंग शेजारचा इस्तारी आला, म्हनला, 'उमाजीभाऊ, माज्या सुकलूचं बी खातं उघडून दे गा.' त्यानं रोहूचं पिल्लू आनलं, पिवळा दोरा बांधला. असं करता करता नऊ घरची लेकरं बोडीत गेली. मासोळीले ज्याच्या त्याच्या लेकराचंच नाव. संध्याकाळी आमी बाप लोक बोडीच्या काठाले पाळीवर बसून बोलत जाओ, सुकलू आज वर नाई आला, थंडी आहे, खाली बसला असंल. मैना दिसली का सगळे उठून पाह्यत, कारन ती दिसागनिक वाढत होती. मले लय अभिमान वाटे. आता वाटते, मले तवाच संशय याव लागत होता.

मरळ काय खाते हे ढिवराच्या पोराले शिकवाव लागत नाई. नवाही बापायले पोटात माहीत होतं का मरळ दुसऱ्या मासोळ्यायले गिळते. पन बचतीतली मासोळी बचतीतल्या मासोळीले खाईल असं कोनाच्या मनात आलं नाई. साहेबानंच सांगतलं होतं, बचतीले हात लावायचा नाई. (मरळीले हात नसते, हे आमाले मंग सुचलं.) गेल्या दिवाळीले इस्तारीनं सुकलूले पाहाले जाळं टाकलं. लाल दोऱ्याशिवाय दुसरा एक दोरा हाती नाई लागला. जाळ्यात एकटी मैना, सव्वा हाताची, पोट सुटलेली, माज्याकडं पाहून तोंड उघडझाप करे. माज्या स्वतःच्या मंगच्या चाळीस मरळी बी गायब. म्हनजे तिनं बापालेही सोडलं नव्हतं! इस्तारी छाती पिटून बोंबलला, 'तुज्या मैनानं माजा सुकलू खाल्ला गा!' आन त्याच वक्ती माजी खरी मैना शाळेतून आली, मांगं मांगं सुकलू, शेंबूड पुसत. दोघंही भेवानं घरात पळाले. सुकलूच्या आजीनं तीन दिवस त्याले मैनासंग खेळू देल्लं नाई.

मंग पंचायत बसली. निकाल झाला का मैनाच्या पोटात नवाही घरची बचत एका जागी जमा आहे, तवा ती आता साऱ्यायची. कोनी एकट्यानं धराची नाई, पाळीपाळीनं राखन कराची, आन नवाही लेकरायचं शिक्षन तिच्यातूनच कराचं. एका मासोळीत नऊ लेकरं कशी शिकतील, हे विचाराले मी तोंड उघडलं होतं, पन पंच म्हनले, जेच्या पोरीनं खाल्लं त्यानं बोलू नये.

या साली मैना चौथी पास झाली, पयल्या नंबरानं. आमच्या गावची शाळा चौथीवर संपते. मास्तर घरी आले, म्हनले, 'उमाजी, हे पोरगी ब्रह्मपुरीले गेली पाह्यजे. इथी ठेवशील त दोन वर्सांत तिच्या डोक्यावर टोपली देशील आन चार वर्सांत हळद लावशील.' मैना दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवसापासून चौथीचंच पुस्तक पुन्हा पयल्या पानापासून वाचाले बसली, कारन घरात दुसरं नाई. ते पाहून मी ठरवलं का आता मरळ धराची, बाजारात न्याची आन पोरीले शिकाले धाडाची, मोहल्ला काई म्हनो. (मास्तर म्हनले, मरळीचे पाच-सहा रुपये येतील, त्यात पुस्तकं बी होनार नाई. मास्तर भला मानूस आहे, पन त्याले मासोळीतलं काई कळत नाई.)

आन नेमके वैशाखात, भर दुपारी, बचतीचे साहेब पुन्हा आले. पाटलानं कोतवाल धाडला, का साहेबाचं जेवन ढिवर मोहल्ल्यात, आन मासोळीचंच, कारन बचतीत या मोहल्ल्याचं नाव पुढं आहे. मोठा तलाव ठेकेदाराकडं गेलेला, त्यात हात बुचकळाची सोय नाई. बोडीत गुडघाभर पानी आन एकच जीव. इस्तारीनं डोकं चालवलं, म्हनला, साहेब खुश झाला त एका सहीत तुज्या पोरीले बोर्डिंगात टाकंल, बाजारात काय भेटते? मले पटलं. मीच बोडीत उतरलो. जाळं लागलं नाई, ती आपनहून माज्या हाताले येऊन लागली, चार वर्सं मीच तिले शितं टाकत होतो नं. डोळ्याले पानी आलं. लोकायले म्हनलो घाम आहे.

गिरजानं चिंच घालून कालवन केलं. साहेब पाटावर, आमी नऊ बाप समोर उकिडवे, रांगेत. साहेबाचा हात ताटातून तोंडाकडं जाये आन नऊ मानी त्याच्यासंग खाली-वर. डोक्सं खाल्लं तवा इस्तारी माज्या कानात म्हनला, 'सुकलू गेला गा.' साहेब दोनदा म्हनले, तुमी बी घ्या. कोनी घेतलं नाई, आपल्या लेकराचं कोन खाते? मंधातच साहेबाच्या दाताखाली कडकन वाजलं. पोतेतला मनी होता. गिरजानं तो धुवून तिथीच पोतेत ओवला. मंग साहेबानं हात धुतला, ढेकर देल्ला आन म्हनले, 'वा! आता तुमची बचत दाखवा.' नऊ मानसं साहेबाच्या पोटाकडं पाहाले लागली. पाटील खोकलला. इस्तारी भोळा मानूस, त्यानं बोट दाखवलं.

सारं आयकून साहेब पांढरे पडले. खोटं कायले बोलू, मानूस दयाळू होता. बोर्डिंग त्यायच्या हातात नाई म्हनले, पन खिशातून दहाची नोट काढून माज्यापुढं धरली. आन मी काय म्हनलो? मी म्हनलो, पाहुन्याच्या ताटाचे पैसे घेनारा उमाजी नोहे! मोहल्ला वा वा म्हनला. साहेबानं नोट खिशात घातली. दाराआडून मैना पाहून राह्यली होती. ती पुस्तक घेऊन घरामागच्या सांदवाडीत जाऊन बसली. गिरजा त्या दिसापासून बोलत नाई, आन यावेळी मनी परत भेटला आहे तरी. माजा सोभाव वाईट आहे, डोमाभाऊ. मान आला का अक्कल जाते. हे तुमाले लिहून देतो, पन कोनाले दाखवू नका.

गेल्या बुधवारी आठही बाप घरी आले. मले वाटलं भांडाले आले. इस्तारी म्हनला, 'आमच्या लेकरायचं गेलं ते गेलं. जमा त मैनाच्याच नावावर झालं होतं नं? मंग ते मैना नाई त हे मैना. नवातून एक तरी शिकू दे.' आन आठही जनायनं धोतराच्या सोग्यातून पसा पसा तांदूळ काढून गिरजाच्या सुपात टाकले. मी आठ मानसायसमोर मोठ्यानं रडलो. यावेळी घामाचं नाव सांगतलं नाई.

बाकी सगळं ठीक. मी तुमाले काई मागून राह्यलो नाई, हे वर लिहिलंच आहे. खोकल्याले जपा.

तुमचा मानाचा जवाई,
उमाजी

ता. क. – तुमच्या खोलीत चुलीमांगं एक कोपरा रिकामा आहे असं गिरजानं एकदा सांगतलं होतं, बोलत होती तवा. दहा वर्सांच्या पोरीले किती जागा लागते, हे सहज विचारून ठेवतो. आन हायस्कुलाच्या हेडमास्तरायच्या टेबलावर पानी तुमीच ठेवता. पानी ठेवता ठेवता एक शब्द टाकाले काई जड नाई.

पुन्हा ता. क. – मैना आता साऱ्या मोहल्ल्याची ठेव आहे. तवा दर अवसेले आमी नऊ बाप ती किती वाढली ते पाहाले तुमच्याकडं येत जाऊ. प्रत्येकाच्या हातात एक जिती मासोळी राहीन. रुखमावयनीले सांगा का घाबरू नका, आमी अंगनातच बसतो. मासोळ्या मात्र एका घागरीत ठेवू नका.

शेवटची ता. क. – पत्र एवढं लांब काऊन लिहिलं ते आता सांगतो. इस्तारी मैनाले तुमच्या दारात सोडून दुपारच्याच मोटरीनं परत निघनार होता. तुमी एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचता, हे मले माहीत आहे. मास्तरायकडून वाचवून पाह्यलं त त्यायले पाऊन तास लागला, म्हनजे तुमाले दोन लागतील. आता मोटर घाटावर पोचली असंल, आन उद्यापर्यंत दुसरी नाई. मैना समोर उभी असंल. पानी देल्लं नसंल त आधी द्या, सकाळपासून उपाशी आहे. तिले एवढंच माहीत आहे का मामाले पत्र आन तांदूळ द्याचे आन परत याचं. ब्रह्मपुरीच्या शाळेसाठी झुरते, पन मायचा पदर सोडत नाई, खरं सांगतलं असतं त नावेत बसली नसती. म्हनून पाकीट भाताच्या शितानं चिकटवून देतो. तांदळाच्या खाली तिचे दोन झगे आन पाटी आहे. तिले तुमीच सांगा, डोमाभाऊ. मी तिले घाटापर्यंत पोचवाले आलो, हे शेवटचं इथीच बसून लिहून राह्यलो; तीनदा तोंड उघडलं, मले जमलं नाई.